डब्यात बसली माय

उदगीरच्या स्टँडवर नांदेडची गाडी सुटायच्या बेतात होती आणि मी खिडकीचे गज धरून असा गळा काढला होता की कंडक्टर घंटीची दोरी हातात घेऊन नुसताच उभा राहिला. अव्वा गाडीत चढली. अव्वा म्हणजे माझी आई. उदगीरकडच्या आमच्या लिंगायत घरांत आईला अव्वाच म्हणतात. तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. तिनं पत्र्याचा एक डबा माझ्या मांडीवर नीट बसवला आणि म्हणाली, "येसर हाय. तिकडचं जेवण गोड न्हाई लागलं तर ह्यातलं दोन चमचे काढून आमटी कर. उपाशी राहून रडू नको, जेवून रड." मग ती खाली उतरली. शेजारी माझा नवा कोरा नवरा गाडीच्या छताकडं बघत बसला होता, जणू ह्या बाईशी आपला काही संबंधच नाही. मुखेड येईपर्यंत मी रडले. मग झोप लागली. जागी झाले तेव्हा डबा नवऱ्याच्या मांडीवर होता.

हा प्रसंग मी शाळेतल्या मुलांना सांगितलाय, हळदीकुंकवाला सांगितलाय, माईकवर सांगितलाय. उदगीरला राहिलेल्या माझ्या भाचरांनो, आणि माझ्यासारख्याच घर सोडून दूरदूर गेलेल्या आमच्या पोरींनो, तुम्हालाही तो पाठ असेल. तरी आज परत सांगते आहे, कारण यंदाच्या उन्हाळ्यात माझ्याच स्वयंपाकघरात असं काही कानावर पडलं की अजून कान बधिर आहेत. सत्तरी ओलांडलेल्या बाईला धक्का द्यायचा तर निदान खुर्चीवर बसवून द्यावा. आमच्या शकूनं, माझ्या नणंदेनं, तेवढंही केलं नाही.

तुमच्यातल्या धाकट्यांना येसर नीट माहीत नसेल. गहू, हरभऱ्याची डाळ, तांदूळ वेगवेगळे खरपूस भाजायचे, त्यात धने, जिरे, दगडफूल, खोबरं, लवंगा असं भाजून घालायचं आणि सगळं एकत्र दळायचं. आपल्याकडं लग्नघरात ते आधी दळलं जातं, कारण पंगतीची आमटी त्याचीच. डाळ शिजवत बसायला नको. फोडणीला पाणी घालायचं, उकळी आली की येसर पाण्यात कालवून सोडायचं. गल्लीच्या टोकाला वास जातो.

आता त्या काळची मी. एक नमुनाच होते. अकरावी पास, दोन वेण्या आणि कवयित्री. उदगीरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, अप्पांची म्हणजे माझ्या वडिलांची आडत होती, तिथल्या ज्वारीच्या पोत्यांवर बसून मी भर दुपारी चांदण्यावर कविता करायची. अव्वा घरातून हाक मारायची, "अगं ये, येसर भाजायले, बघून तरी घे." मी म्हणायची, "अव्वा, यमक सुचायलंय." चांदण्याला आंदण हे यमक सुचलं त्या दिवशी मी दोनदा जेवले. येसर भाजायला मात्र एकदाही गेले नाही.

अशी ही विदुषी जुन्या नांदेडात, गोदावरीच्या अंगाला, सासरी येऊन पडली. सासूला मी आत्याबाई म्हणायची. त्या मूळच्या देगलूरच्या. उंच, सावळ्या, बोलणं कमी. हसू आलं तरी तोंड बंदच, फक्त नाकपुड्या हलायच्या. घरात त्या, सासरे, आमचे हे आणि परकर घातलेली धाकटी नणंद शकू. पहिल्या दिवशी मी आत्याबाईंच्या आमटीचा घोट घेतला आणि वाटी खाली ठेवली. काळपट, उग्र. डोळ्यांत पाणी आलं. आत्याबाईंनी बघितलं. म्हणाल्या, "माहेरचं आणलंस न्हवं डब्यात? त्याची करत जा तुझ्यापुरती."

तेव्हापासून आमच्या चुलीवर सगळ्या घराला एक पातेलं आणि महाराणीला वेगळी वाटीभर आमटी असा थाट सुरू झाला. त्याच जूनमध्ये मी शाळेत मास्तरीण म्हणून लागले, सकाळी जायची, दुपारी उन्हातून यायची. हातपाय धुऊन डबा उघडला की उदगीर समोर यायचं. आडतीतला धान्याचा वास, अप्पांचं खाकरणं, अव्वाच्या बांगड्या. परक्या गावातला अख्खा दिवस त्या वाटीत विरघळून जायचा. कवितेतलं चांदणं सुटलं आणि ह्या वाटीवर ओव्या सुचायला लागल्या. पहिली ही:

डब्यात बसली माय, वरती झाकण,
उघडिता येई पुढं सारं आंगण.

तिसऱ्या वर्षी गल्लीतल्या महिला मंडळाच्या हळदीकुंकवाला मी ती माईकवर म्हटली. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. टाळ्या पडल्या आणि माझं डोकं फिरलं. आत्याबाई पहिल्या रांगेत बसलेल्या असताना मी दुसरीही म्हटली:

सासूच्या आमटीत पूर गोदावरी,
डाळीचा एक दाणा तरंगतो वरी.

हसून हसून बायका एकमेकींच्या अंगावर पडल्या. आत्याबाई टाळ्या वाजवत होत्या. नाकपुड्या नुसत्या थरथरत होत्या. मला वाटलं, रागानं. पण घरी आल्यावर कांदा चिरता चिरता म्हणाल्या, "परत म्हण की ते डब्याचं. आन ते गोदावरीचं बी म्हण." मी म्हटलं, तर शकू तोंडात परकराचं टोक कोंबून परसात पळाली. मी मनात म्हटलं, भोळी आहे सासू. आपल्यावरचा टोमणासुद्धा कळत नाही. वर मी त्यांना समजावलं, "आत्याबाई, वाईट वाटून घेऊ नका, पण तुमच्या येसराला अव्वाच्या येसराची सर न्हाई." त्या म्हणाल्या, "हाव माय. कशी येईल?"

माहेरी मी दर उन्हाळ्यात जायची. पण एक गोष्ट माझ्या लक्षात यायला लागली. अव्वाच्या पंगतीला बसून अव्वाची आमटी प्यायले की काहीतरी कमी लागायचं. फिकी, गुळमट. पोटात मूल होतं त्या वर्षी मी तोंडावर बोलले, "अव्वा, तुझ्या हातची चव गेली गं." अव्वा तव्यावर भाकरी उलटत होती. ती रागावली नाही. म्हणाली, "गेली तर जाऊ दे." मग बाहेर अप्पांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ऐकलंव का, पोरगी जेवायलीय तिकडं." मला वाटलं, अव्वाला ऐकू कमी यायला लागलं. मी काय म्हणायले, ही काय बोलायली? निघताना तिनं नेहमीसारखा येसराचा पुडा बांधून दिला आणि नेहमीसारखंच म्हणाली, "तुझ्या सासूला दे." ही बोलायची रीत, असं मी धरून चालायची.

अव्वा गेली तेव्हा मला रडता रडता आठवलं की तिचं येसर मी शिकलेच नाही. नांदेडला परत आल्यावर डबा आत्याबाईंपुढं ठेवला आणि म्हटलं, "तुम्हाला चवीवरून कळेल का ह्यात काय काय पडतं?" त्यांनी चिमूटभर जिभेवर ठेवलं. डोळे मिटले. बराच वेळ विचार केला. म्हणाल्या, "गहू हाय. डाळ हाय. तांदूळ थोडा. दगडफूल..." परत चिमूट घेतली. "आन कारळं असावं बघ, मूठभर." काय ती जीभ. मी थक्क झाले. मापंसुद्धा अंदाजानं सांगितली त्यांनी, आणि त्या मापानं केलं तर डब्यातल्यासारखं तंतोतंत झालं. तेव्हापासून मी तेच करत आले. माझ्या नातेवाइकांत, शाळेतल्या बायकांत ते 'अव्वाचं उदगिरी येसर' म्हणून प्रसिद्ध आहे. आणि उदगीरला गेले की भावजयीच्या, महानंदाच्या, हातची आमटी पिऊन मी उसासा टाकायची, "अव्वा गेली आणि ह्या घराची चव गेली." महानंदा बिचारी खाली मान घालून वाढत राहायची. हे मी एकदोनदा नाही, जाईन तेव्हा बोलले आहे.

आता यंदाचा उन्हाळा. माझी नात शिवानी जर्मनीला शिकायला निघाली. बॅगेचं वजन करून करून तिनं घर डोक्यावर घेतलं होतं. मी म्हटलं, लोणचं नको, चटण्या नकोत. ती म्हणाली, "आज्जी, मला फक्त पणजीचं येसर पाहिजे. त्याच डब्यात. तू जसं नेलंस तसंच मी नेणार. तिथं पहिल्या दिवशी तेच खाणार." माझा ऊर भरून आला. तो पत्र्याचा डबा अजून माझ्या फडताळात होता, कड जरा गंजलेली, झाकण घट्ट. मी येसर भाजायला काढलं आणि मदतीला शकूला तिच्या सासरहून, मुदखेडहून बोलावलं. शकू आता साठी उलटलेली, गुडघे धरून बसणारी. तिची आई, माझ्या आत्याबाई, जाऊन बरीच वर्षं झाली.

सकाळी दहाच्या सुमारास आम्ही बसलो. शिवानी ओट्यापाशी मोबाईलवर व्हिडिओ काढत होती. मी कढईत कारळं टाकली.

शकू म्हणाली, "वैनी, मंद ठेवा. आई म्हणायची, कारळं तडतडली की कडू होतात."

मी म्हटलं, "तुझ्या आईनं कुठं केलं होतं हे येसर? हे अव्वाचं आहे."

शकूनं चाळणी खाली ठेवली. माझ्याकडं बघितलं. "वैनी, चेष्टा करायल्या का?"

"कसली चेष्टा?"

"खरंच म्हाईत न्हाई तुमाला? मला वाटलं, कधीतरी कळलंच असंल. आता तर आई बी गेली." ती पदरानं तोंड पुसायला लागली आणि मला दिसलं, तिच्या नाकपुड्या हलत होत्या. आईसारख्याच. "वैनी, हे उदगीरचं न्हाई ओ. हे आमच्या आईचं हाय. देगलूरचं."

माझ्या हातातलं उलथनं तसंच राहिलं.

"तुमचा डबा पहिल्याच पावसाळ्यात गेला," शकू सांगायला लागली. "माळवद गळायचं न्हवं आपलं? पिठाला जाळी लागली. आईनं उघडून बघितलं आन कपाळाला हात लावला. म्हणली, ही पोरगी आता जेवायची बंद होती. तुमी शाळेत होतात. आईनं ते गाईपुढं टाकलं, डबा राखेनं घासला, उन्हात वाळवला आन आपलं येसर भरून ठेवलं. मला दम दिला, बोललीस तर जिभेवर चटका देईन."

"आणि मला कळलं नाही?"

"तुमी त्या दिवशी दोन वाट्या पिलात. वर म्हणलात, आत्याबाई, ह्याला म्हणतात येसर."

शिवानीनं मोबाईल खाली केला. कारळं जळायला लागली होती. शकूनंच गॅस बंद केला.

मी म्हटलं, "थांब. पुढच्या वर्षी अव्वानं नवा पुडा दिला होता. त्याचं काय?"

"त्याचं बी सांगते. तुमी तो डब्यात भरलात, आमटी केलीत, एक घोट घेतलात आन तोंड वाकडं. म्हणलात, आत्याबाई, तुमी ह्यात कायतरी मिसळलंय, हे अव्वाचं न्हाई. आता आईनं काय करावं? तिनं परत बदललं. तेव्हापासून दरसाल तुमच्या डब्यात आईचं, आन आमच्या बरणीत तुमच्या अव्वाचं. आमी समदे तेच खायचो. लई झ्याक असायचं ते, वैनी. आईला तर त्याच्याबिगर जेवण जायचं न्हाई."

माझ्या डोक्यात हळूहळू उजेड पडत होता आणि तो नको होता. "म्हणजे ते गोदावरीचं..."

"तुमच्या अव्वाच्या आमटीवर," शकू म्हणाली आणि मग तिला आवरेना. गुडघे धरून ती हसत सुटली. शिवानी ओट्यावर डोकं टेकून म्हणाली, "आज्जी, तुझी अख्खी पोएट्री फेक निघाली."

मी बाहेरच्या खोलीत गेले. आमचे हे पेपर वाचत होते. मी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?" ते म्हणाले, "मला दोन्ही बरंच लागायचं." एसटीच्या छताकडं बघणारा माणूस तो. आयुष्यभर छताकडंच बघत राहिला.

माझा विश्वास बसेना. मी उदगीरला फोन लावला. महानंदाला विचारलं, "अव्वाच्या येसरात कारळं किती पडायची गं?"

"कारळं?" ती म्हणाली. "अक्का, येसरात कारळं कोण टाकतं? काळं होतं की ते. अव्वानं कधीच न्हाई टाकलं. मी तिच्याच हाताखाली शिकले, अजून तस्संच करते." जरा थांबून म्हणाली, "तुमीच म्हणता, मला जमत न्हाई."

मी "दूध उतू जायलंय" म्हणून फोन ठेवला. गॅसवर दूध नव्हतं.

पुढचे दोनतीन दिवस मी घरात भुतासारखी फिरले. माझी आई मला चवीत भेटते असं मी जन्मभर सांगत आले. त्या भरवशावर मी ह्या गावात रुजले. आणि ती चव आईची नव्हतीच. जिच्यावर मी ओवी करून हसवलं ती आमटी माझ्या आईची, जिच्या नावानं मी डोळे पुसले ते येसर सासूचं. मग मी रडले कुणासाठी? आणि ह्या माझ्या जिभेला म्हणावं तरी काय? ती चव घेतच नव्हती, डबा ओळखत होती. शिवानीचं विमान आठवड्यावर आलं होतं. तिनं पणजीचं येसर मागितलं होतं आणि डबा रिकामा पडला होता. त्यात काय भरायचं, हे मला ठरवता येत नव्हतं. देगलूरचं भरलं तर ते खोटं. उदगीरचं भरलं तर जी चव तिनं लहानपणापासून ह्या घरात खाल्ली ती तिला तिथं मिळणार नाही.

तेवढ्यात उदगीरच्या गाडीबरोबर महानंदानं पिशवी पाठवली. फोनवर एवढंच म्हणाली, "अक्का, अव्वाच्या पद्धतीचं हाय. बघा खाऊन." टोमणा होता की माया, अजून कळलं नाही. असला तरी टोमणा मी कमावलेला होता.

मी आमटी केली. फिकट तांबूस रंग, खोबऱ्याचा वास. ताट वाढून घेतलं, मनातल्या मनात अव्वाची माफी मागितली, आणि घोट घेतला. वाटलं होतं, आता तरी सगळं आठवेल. तसलं काही झालं नाही. बरी होती. कुणाच्या तरी लग्नात जेवल्यासारखी. माझ्या आईच्या हातची आमटी आणि मी पाहुणी. 

समोर शकू जेवत होती. तिनं भाकरी कुस्करली, वर आमटी ओतली, पहिला घास घेतला आणि थांबली. दुसरा घेतला. मग डावा हात तोंडावर ठेवला. हसतेय की काय म्हणून मी बघितलं, तर डोळ्यांतून धार लागलेली.

"आई," ती म्हणाली. "वैनी, ही आमच्या आईच्या हातची आमटी हाय."

  माझी अव्वा उदगीरहून निघून शकूच्या वाटीत जाऊन बसली होती, आणि शकूची आई माझ्या डब्यात. दोघी आपापल्या ठिकाणी मजेत. तेव्हा मला भाकरी उलटणारी अव्वा आठवली. तिला सगळं ऐकू येत होतं. माझ्या तोंडाला दुसऱ्या बाईच्या हाताची चव लागलीय, हे तिनं एका वाक्यात ओळखलं होतं, आणि तिला काय हायसं वाटलं होतं. म्हणून तर पुडा बांधताना म्हणायची, तुझ्या सासूला दे. रीत नव्हती ती. आता वाटतं, त्या दोघींचं हे वर्षानुवर्षं चाललं होतं, आणि मधे मी ओव्या म्हणत होते.

उदगीरची पिशवी मी शकूला दिली. मुदखेडच्या गाडीत ती मांडीवर घेऊन बसली, अशी घट्ट धरून की मला जुनी एसटी दिसली. शिवानीच्या डब्यात मी कारळं घातलेलंच भरलं. तिनं विचारलं, "आज्जी, तिथं कुणाच्या हातचं म्हणून सांगू?" मी म्हटलं, "भूक लागली की खा. नाव नंतर बघू." ओवी मी बदलून पाहिली. 'डब्यात बसली सासू, वरती झाकण' म्हटलं आणि मलाच हसू फुटलं. शेवटी आहे तशीच ठेवली. आता म्हणताना आत दोघींना दाटीवाटीनं बसवते.

परवा शिवानीचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं, आणि मग आवाज बारीक करून म्हणाली, "आज्जी, रागावू नको. माझी रूममेट केरळची आहे ना, तिनं एकदा येसराच्या आमटीत नारळाचं दूध घातलं. आता आम्ही तशीच करतो. काल तुझ्या पद्धतीनं केली, तर काहीतरी कमी लागलं गं."

येसराच्या आमटीत नारळाचं दूध. मी उभी होते ती खुर्चीत बसले. जिभेवर आलं होतं ते सगळं गिळलं आणि म्हटलं, "लागलं तर लागू दे."

फोन ठेवून बाहेर आले. आमचे हे पेपरात. मी म्हटलं, "ऐकलंत का, पोरगी जेवायलीय तिकडं."

"काय घालून?" त्यांनी पेपराच्या आडून विचारलं.

"ते नका विचारू," मी म्हणाले, आणि घरात नारळ आहे का ते बघायला गेले.